कार्डाचं कर्ज: खर्च त्याचा, मर्यादा कोणाची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. धाकट्या भावाच्या तीन क्रेडिट कार्डांवर मिळून त्याच्या जवळपास वर्षभराच्या पगाराइतकी थकबाकी साचली आहे. तुम्ही म्हणता, खर्च त्याने केला, सही त्याची, तेव्हा निस्तरणंही त्याचंच. तुमच्या पत्नी विचारतात, एवढ्याशा पगारावर एवढी मर्यादा देणाऱ्यांना कोणी जाब विचारणार की नाही? घरात दोन तट पडलेत आणि दोष कोणाचा हे तुम्हाला एकदाचं ठरवून हवं आहे.

मी अकरा वर्षं कार्ड देणाऱ्या एका बँकेच्या जोखीम विभागात काढली आणि त्यानंतरची नऊ वर्षं कर्जात रुतलेल्या लोकांशेजारी बसून त्यांची बिलं वाचण्यात. दोन्ही घाटांचं पाणी पिऊन झालंय. त्यामुळे साठ-चाळीस अशी वाटणी मी करून देणार नाही. तशी वाटणी करता येते असं मला वाटतही नाही. थकबाकी एका आकड्यात छापलेली असते, पण ती शंभर-दोनशे वेगवेगळ्या निर्णयांची बेरीज असते. त्यातले काही निर्णय तुमच्या भावाने घेतले, काही बँकेतल्या कोणीतरी, आणि काही तर एका संगणकाने रात्री दोन वाजता. निर्णय घेताना ज्याला जे दिसत होतं, तेवढ्याची जबाबदारी त्याची, हा माझा मापदंड. या मापाने मोजलं तर तुम्ही दोघंही बरोबर आहात, फक्त बिलाच्या वेगवेगळ्या भागांबद्दल.

म्हणून आधी वाद थांबवा आणि तिन्ही कार्डांची गेल्या दोन-तीन वर्षांची स्टेटमेंट काढा. प्रत्येक कार्डाच्या तीन बेरजा करा: वस्तू आणि सेवांची खरेदी किती, कार्डावरून उचललेली रोख किती, आणि व्याज, विलंब शुल्क, मर्यादा ओलांडल्याचा दंड, त्यावरचे कर मिळून किती. शेजारी, मर्यादा केव्हा-केव्हा वाढली त्या तारखा लिहा. हे काम कंटाळवाणं आहे, एक अख्खा रविवार जातो. पण माझ्याकडे येणाऱ्यांपैकी जवळजवळ कोणीच ते केलेलं नसतं, आणि केल्यावर घरातल्या भांडणाचा सूर हमखास बदलतो.

पहिली बेरीज भावाची. तिथे मी काडीचीही सूट देत नाही. वस्तू त्याने घेतली, वापरली, तिचे पैसे दुकानदाराला मिळाले, ते कोणाच्या तरी खिशातून गेले आहेत. ‘बँकेने कार्ड दिलंच कशाला’ या प्रश्नाने ती मुद्दल पुसली जात नाही, सहसा कायद्यानेही नाही आणि नीतीनेही नाही. पहिल्या कार्डाचं बिल भरायला दुसरं कार्ड घेतलं असेल तर तोही त्याचा निर्णय. अर्जात उत्पन्न फुगवून लिहिलं असेल, आधीची कर्जं लपवली असतील, तर बँकेकडे बोट दाखवायची सोयच उरत नाही. बिलाचं पाकीट न फोडता कपाटात टाकणं आणि बँकेचे फोन न उचलणं, या दोन गोष्टींनी झालेलं नुकसान मी उधळपट्टीने झालेल्या नुकसानाहून जास्त पाहिलं आहे. पहिला हप्ता चुकण्याआधी फोन करणाऱ्याला जे मिळतं, ते चौथा चुकल्यावर करणाऱ्याला मिळत नाही.

तिसरी बेरीज मात्र नीट बघा. गोष्ट तिथेच दडलेली असते.

समजा एक लाखाची थकबाकी आहे, व्याज महिन्याला ३ टक्के, आणि किमान देय रक्कम थकबाकीच्या ५ टक्के. (अटी कार्डागणिक बदलतात, पण हिशोब करायला हे आकडे चालतील.) पहिल्या महिन्यात ३ हजार व्याज चढलं, ५ हजार भरले, मुद्दल २ हजारांनी उतरली. भरणारा निवांत झोपतो: बिल वेळेवर भरलं, दंड नाही, फोन नाही. पुढच्या महिन्यात थकबाकी ९८ हजार, म्हणून किमान रक्कम ४,९००. ती दर महिन्याला अशी थोडी-थोडी घटत जाते आणि भरणाऱ्याला वाटतं, ओझं हलकं होतंय. नवीन एक पैसाही खर्च न करता ३४ महिने असं भरलं तर हातून सुमारे १ लाख २४ हजार गेलेले असतात आणि अजून ५० हजारांवर देणं शिल्लक असतं. भरलेल्यातले जवळपास ७५ हजार निव्वळ व्याजात गेले.

आता त्याच माणसाने दर महिन्याला पहिल्या महिन्याचे तेच ५ हजार भरत राहायचं ठरवलं, एवढाच फरक केला असता तर? ३१ महिन्यांत कर्ज संपलं असतं. पगार तोच, व्याजदर तोच, पहिला हप्ताही तोच. फक्त घटत जाणारी किमान रक्कम त्याने मानली नसती. हा तक्ता मी लोकांसमोर मांडतो तेव्हा खोली शांत होते, कारण चूक कुठे झाली हे त्यांना पहिल्यांदा दिसतं, आणि ती चूक चैनीची नसते.

मग ती किमान रक्कम ठरवली कोणी? तुमच्या भावाने नाही. ब्रिटनमधल्या वॉरिक विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ नील स्ट्युअर्ट यांनी २००९ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना किमान रक्कम छापलेलं बिल दाखवलं, काहींना ती न छापलेलं, आणि किती भराल ते विचारलं. पूर्ण बिल न भरणाऱ्यांमध्ये, किमान रक्कम न दिसलेल्यांनी सांगितलेले आकडे बरेच मोठे होते. छापलेला तो छोटा आकडा मनाला खाली ओढतो. भाजीवाल्याने आधी भाव सांगितला की घासाघीस त्याच आकड्याभोवती फिरते, तसंच हे. आणि हा आकडा कुठे, किती ठळक छापायचा, ते ठरवणाऱ्यांच्या बैठकांना मी स्वतः बसलेलो आहे.

बसलोच आहे तर एक कबुलीही देऊन टाकतो. त्या विभागात वर्षातून दोनदा मर्यादा वाढवण्याच्या याद्या निघत. यादीत कोण यावं हे संगणक ठरवी. एकदा मी सहज चाळत होतो, तर एक गोष्ट खटकली: सलग दीड-दोन वर्षं फक्त किमान रक्कम भरणारी कितीतरी खाती यादीत वर होती. आमच्या गुणांकनाच्या दृष्टीने ती उत्तम गिऱ्हाइकं होती. कधी हप्ता चुकवला नाही आणि व्याज नियमित येतं. मी वरिष्ठांना विचारलं, यांची दमछाक झाल्याची ही खूण नाही का? उत्तर मिळालं, “थकलेत का? नाही ना?” मी सही केली. त्या यादीत तुमच्या भावासारखे किती होते कोण जाणे.

या धंद्याची बोलीच बरंच काही सांगून जाते. दर महिन्याला बिल पूर्ण भरणाऱ्याला ‘ट्रान्झॅक्टर’ म्हणतात, थकबाकी पुढे ओढत नेणाऱ्याला ‘रिव्हॉल्व्हर’. आणि अमेरिकेतल्या कार्ड व्यवसायात पूर्ण भरणाऱ्याला आपसांत ‘डेडबीट’ म्हणत. मूळ इंग्रजीत हा शब्द बुडव्याला वापरतात! व्याजच देत नाही, म्हणजे त्यांच्या लेखी फुकट्या. अंथरूण पाहून पाय पसरावे ही शिकवण आपल्याला तोंडपाठ असते. पण इथे अंथरूणच दर सहा महिन्यांनी कोणीतरी येऊन लांब करून जातो, ‘अभिनंदन’ असा संदेश पाठवतो, आणि पाय उघडे पडले की हिशोब मागतो.

धनको-ऋणकोंमधला सगळ्यात मोठा फरक माझ्या मते हाच, माहितीचा. भावाला एवढंच दिसत होतं: या महिन्यात तंगी आहे, पुढच्या महिन्यात बघू. बँकेला दिसत होतं की त्याच्यासारख्या हजारो खात्यांचं पुढे काय झालं. त्याने रोख उचलायला सुरुवात केली हेही दिसत होतं, आणि कार्डावरची रोख उचल ही तंगीची जवळजवळ खात्रीची खूण असते, कारण तिथे उचल शुल्कही लागतं आणि व्याजही बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवसापासून चालू होतं. थकबाकी पुढे ओढली की नव्या खरेदीची व्याजमुक्त मुदतही सहसा जाते, हेही बँक जाणते. तुमच्या भावाला ते माहीत असेल असं मला वाटत नाही, दहांतल्या आठांना नसतं. ते अटींत लिहिलेलं असतं हे खरं. पण लिहिलेलं असणं आणि सांगितलेलं असणं यांत फरक आहे.

हे माझं एकट्याचं मत म्हणून सोडून देऊ नका. कार्डाचा इतिहास पाहिला तर कायद्याने पुन्हापुन्हा याच दिशेने पाऊल टाकलेलं दिसतं. १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात सुमारे ६० हजार कार्डं न मागता टपालाने पाठवली. पुढे ज्याचं व्हिसा झालं तेच हे कार्ड. बँकेला वाटलं होतं ४ टक्के खाती थकतील. सुरुवातीच्या काळात थकली २२ टक्के. दोष लोकांच्या नीतिमत्तेचा, असं कोणी म्हणेलही. पण ज्याची ऐपत तपासलीच नाही त्याच्या घरी पैसे पाठवून दिल्यावर दोष कोणाचा? अमेरिकेत न मागता कार्ड पाठवण्यावर बंदी यायला १९७० उजाडलं. भारतात रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार न मागता कार्ड देऊन त्याचं बिल लावलं तर आकारलेली रक्कम परत करायची आणि वर तिच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यायचा. मर्यादा वाढवायलाही ग्राहकाची स्पष्ट संमती लागते, आणि किमान रक्कम इतकी कमी ठेवता येत नाही की ती भरूनही थकबाकी वाढतच जाईल.

यात दक्षिण आफ्रिका सगळ्यात पुढे गेली. तिथल्या २००५ च्या राष्ट्रीय पतकायद्यात ‘बेजबाबदार कर्जवाटप’ अशी स्वतंत्र कल्पनाच आहे. ऐपत न तपासता, किंवा कर्जदार बुडेल हे दिसत असताना कर्ज दिलं असेल, तर न्यायालय ते देणं पूर्ण किंवा अंशतः रद्द करू शकतं. मात्र अर्जदाराने खरी माहिती दिलेली असली पाहिजे. खोटं लिहिणाऱ्याला हा बचाव मिळत नाही. ज्याला जे माहीत होतं त्याची त्याला जबाबदारी, हे तत्त्व इतक्या स्वच्छपणे मांडलेलं मला दुसरीकडे दिसलं नाही. त्याच कायद्यात आणखी एक गंमत आहे. हप्ते थकल्यानंतर साचत जाणारं व्याज आणि शुल्क, थकताना शिल्लक असलेल्या मुद्दलाहून जास्त होऊ शकत नाही. ही आपली दामदुप्पटच की! एका वेळी मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करता येत नाही, हा हिंदू विधीतला जुना नियम; तिकडेही तसाच नियम रोमन-डच कायदेपरंपरेतून पोहोचला. (आजच्या कार्डाच्या कर्जावर दामदुपटीचा आधार मिळेल असं मात्र धरून चालू नका. तो मुद्दा घेऊन बँकेशी भांडायला गेलेले दोघं माझ्याकडे येऊन गेलेत, वकिलाची फी भरून.)

ऑस्ट्रेलियात २०१९ पासून कार्डाची मर्यादा ठरवताना, ती पूर्ण वापरली तर ग्राहक तीन वर्षांत फेडू शकेल का, हे तपासावं लागतं. ही कसोटी मला फार आवडते. तुमच्या भावाच्या तिन्ही कार्डांची एकत्र मर्यादा घ्या, घरखर्च वजा जाता त्याच्या हातात महिन्याला काय उरतं ते बघा आणि ३६ ने गुणा. तुमच्या देशात हा नियम असो वा नसो, मर्यादा देताना बँकेने डोळे उघडे ठेवले होते की नाही हे पाच मिनिटांत कळेल.

आता तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेतो. बँकांना जबाबदार धरलं की त्या हात आखडतील, कर्ज महाग होईल, आणि वेळेवर भरणाऱ्यांनी बुडव्यांचा भार उचलायचा, असं म्हणतात. मीही एके काळी हेच म्हणायचो. अमेरिकेत २००९ च्या कार्ड कायद्याने बऱ्याच शुल्कांना वेसण घातली, तेव्हा हीच भीती होती. चार अर्थतज्ज्ञांनी कोट्यवधी खात्यांची आकडेवारी तपासून २०१५ मध्ये निष्कर्ष काढला की ग्राहकांचे वर्षाला जवळपास १२ अब्ज डॉलर वाचले, आणि त्याच्या बदल्यात व्याज वाढल्याचा किंवा पतपुरवठा घटल्याचा पुरावा मिळाला नाही. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट तुमच्या पत्नींनीही ऐकावी. त्या कायद्याने बिलावर, ३६ महिन्यांत फेडायचं तर महिन्याला किती भरावं लागेल, ते छापणं सक्तीचं केलं होतं. तेवढी रक्कम भरणाऱ्यांचं प्रमाण त्यामुळे वाढलं ते जेमतेम अर्ध्या टक्क्याने. समोर लिहिलेलं असूनही लोक बदलले नाहीत. म्हणजे बँकेला नियमाने कितीही बांधा, काही भाग ज्याचा त्यालाच करावा लागतो.

वसुलीबद्दल थोडक्यात. कर्ज खरं आहे म्हणून वसुलीला येणाऱ्याने काहीही करावं असं नाही. धमकी, अपरात्रीचे फोन, शेजाऱ्यांत आणि कचेरीत बोभाटा, हे झालं तर तारीख-वेळ लिहून ठेवा आणि लेखी तक्रार करा. तसंच ‘कर्ज माफ करून देतो’ म्हणत आगाऊ पैसे मागणाऱ्या मध्यस्थांना उंबऱ्याच्या आत घेऊ नका.

आणि तुमच्यासाठी, मोठा भाऊ म्हणून. त्याचं कार्ड तुमच्याच खात्यावरचं पुरवणी कार्ड नसेल आणि तुम्ही जामीनदारही नसाल तर त्याच्या हयातीत हे देणं तुमच्यावर येत नाही. तरी तुम्ही ते भरायच्या विचारात आहात, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. लगेच भरू नका. घरच्यांनी एकरकमी भरून टाकलेलं आणि कार्ड तसंच चालू ठेवलेलं कर्ज दोन-तीन वर्षांत परत साचलेलं मी इतक्यांदा पाहिलंय की आता मोजत नाही. थकबाकी शून्य झाली की मर्यादा परत पूर्ण मोकळी होते, आणि मग ‘अभिनंदन’ येतंच. मदत करायची तर अशी करा: सगळ्यात जास्त व्याजाचं कार्ड आधी निवडा, ते फेडून लेखी बंद करून घ्या, बंद झाल्याचं पत्र हातात आल्यावर पुढच्याकडे वळा. स्वस्त व्याजाचं वैयक्तिक कर्ज काढून तिन्ही मिटवता आली तर उत्तम, पण तिन्ही कार्डं त्याच आठवड्यात बंद होणार असतील तरच. तडजोडीत मुद्दलातली सूट मिळाली तर पतअहवालात तशी नोंद राहते आणि पुढची काही वर्षं कर्ज मिळणं अवघड जातं, हे भावाला आधी सांगा. आणि बँकेने खातं ‘राइट ऑफ’ केलं म्हणजे देणं सुटलं असं त्याला कोणी सांगितलं असेल तर तो गैरसमज काढून टाका. ती बँकेच्या वहीतली नोंद असते, वसुली चालूच राहते.

बँकेला पत्र लिहायचंच आहे. ते भावाने स्वतःच्या नावाने लिहावं, तुम्ही नव्हे. त्यात रडगाणं नको, आरोपही नकोत. पहिल्या परिच्छेदात उत्पन्न, घरखर्च, इतर देणी आणि महिन्याला नक्की किती भरता येईल तो आकडा. दुसऱ्यात त्या रविवारी केलेल्या तीन बेरजा: खरेदी इतकी, रोख इतकी, व्याज आणि शुल्क इतकं, आजवर भरलेले इतके. तिसऱ्यात मर्यादावाढीच्या तारखा, आणि त्या-त्या वेळी तो किती महिने फक्त किमान रक्कम भरत होता ते. मग मागणी: कार्ड गोठवा, पुढचं व्याज थांबवा किंवा कमी करा, विलंब शुल्क परत करा, उरलेल्याचे ठरावीक हप्ते पाडून द्या. ब्रिटनमध्ये २०१८ पासून वित्तीय नियामकाचा नियमच असा आहे की १८ महिन्यांत ग्राहकाने मुद्दलापेक्षा व्याज-शुल्कच जास्त भरलं असेल तर कंपनीने स्वतःहून संपर्क साधायचा, आणि तीच गत पुढेही राहिली तर रास्त मुदतीत फेडता येईल अशी वाट काढून द्यायची, गरज पडल्यास व्याज सोडूनही. असा नियम नसलेल्या ठिकाणीही हे मागता येतं, आणि आकडे समोर असले की मिळतंही. मुद्दल फेडायला तयार असलेला माणूस आणि कागदावर तारखांसकट मांडलेली मर्यादावाढ, असं दोन्ही एकत्र आलं की पलीकडच्या टेबलावरचा माणूस सावध होतो. तिथे मी बसलेलो आहे म्हणून सांगतो.

पहिलं उत्तर बहुधा छापील नकाराचं येईल. ते जपून ठेवा, त्यावरची तारीख बघा, आणि त्याच पत्रासोबत तक्रार वरच्या पायरीवर, मग तिथूनही पुढे नियामकाच्या तक्रार यंत्रणेकडे न्या. तोवर भावाने पत्रात लिहिलेला आकडा दर महिन्याला न चुकता भरत राहायचं. फक्त तो त्या महिन्याच्या किमान रकमेपेक्षा कमी असेल तर विलंब शुल्क लागू शकतं हे धरून चला.